तेरा रविवार

मगदूम मेडिकलच्या काउंटरवर आठ पाकिटं मांडत
आप्पासो म्हणाला, "एवढ्या कशाला ओ ताई,
तिकडं दुकान टाकताय काय?"
मी हसले. हल्ली हसताना जबडाही धरतो,
पण ते काही काउंटरवर सांगण्यासारखं नव्हतं.

रविवारी सहा. पिवळ्या, मसुराएवढ्या.
आठवड्यातून एकदाच.
चुकून रोज घेतल्या तर तेच विष,
म्हणून आईनं कॅलेंडरवर
रविवारांभोवती कुंकवाचे गोल काढलेत.
शेजारच्या काकू विचारून गेल्या,
"कुठल्या देवाचं धरलंय?"

विनिपेगच्या कंपनीचा विमा
नव्वद दिवसांनी दार उघडणार.
नव्वद दिवसांत रविवार तेरा.
तेरा सक अठ्ठ्याहत्तर.
आठ पाकिटं, ऐंशी गोळ्या.
दोन उरतात.
त्या दोनांचा मला उगीच आधार वाटतो,
पर्सच्या चोरकप्प्यातल्या नोटेसारखा.

डॉक्टर शिरगुप्पे बाईंनी चिठ्ठी लिहिली इंग्रजीत,
शिक्का दोनदा मारला, पहिला पुसट आला म्हणून.
"कंपनीचं नाव नाही, औषधाचं नाव लिहिलंय.
तिकडं ह्याच नावानं मागा, स्वस्तातलं द्या म्हणा,
लाज कसली त्यात?
रक्त इथं तपासून जा. पुढचे रिपोर्ट मला पाठवा.
आणि बरं वाटलं म्हणून बंद करायचं नाही. कळलं?"
इंजेक्शनचं बाबांनीच विचारलं.
आकडा ऐकून ते पंख्याकडं बघत राहिले.
वर्षाच्या इंजेक्शनांत
एक सेकंडहँड लेथ आलं असतं,
मोटरसकट.

नोकरीच्या फॉर्मवर एक चौकोन होता:
जुना आजार आहे का?
टिक केली.
तीन वर्षं स्थळांना पाठवलेल्या कागदावर
उंची होती, गोत्र होतं, मामाचं गाव होतं,
हा चौकोन नव्हता.
पेन ठेवलं तेव्हा बोटं सुजलेलीच होती,
पण मूठ वळली. सकाळचे साडेआठ,
या वेळेला ती वळत नाही एरवी.
असेल काही. मी त्यात फार शोधलं नाही.

पापाच्या तिकटीला डोईफोडेंनी
चपलेचा अंगठा सैल करून दिला,
आतून मऊ कातडं लावलं.
"बर्फात घालणार व्हय?"
म्हटलं, घरात. फरशी गार असते म्हणतात.
"मग करकर थोडी राहू दे," म्हणाले,
"एकट्या माणसाला सोबत होते."

आता बाबा.
उद्यमनगरात त्यांचं लेथ, माझ्याहून थोरलं.
बेअरिंग वाजायला लागलं की ते आधी कान लावतात,
मग म्हणतात, "बदलायची घाई नको.
ग्रीस घाल, लोड कमी कर, चालवून घेऊ."
मला असं कधी बोलले नाहीत.
फक्त एका रात्री उशिरा आले,
खिशातून पितळेचा लांब दांडा काढला
आणि न्हाणीतल्या नळाला बसवला.
मनगट वळवावं लागत नाही,
कोपरानं ढकललं की पाणी.
वर "कसा आहे?" एवढंच,
तेही नळाकडं बघून.

तसाच दुसरा केलाय आता, तिकडच्यासाठी.
टोकाशी आटा पाडलेला नाही.
तिकडं कुठला आटा चालतो
हे उद्यमनगरात कुणालाच खात्रीनं सांगता येईना,
दोन दिवस वाद झाला, चहा झाले,
शेवटी तेलकट कागदात गुंडाळून
ड्रिलच्या कपाटात ठेवून दिला.

काल बॅग वजनकाट्यावर होती,
गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठी वरच.
बाबा म्हणाले, पोचलीस की फोनची घाई नको.
आधी नळाचा फोटो टाक.
जवळून. पट्टी लावून.